मांडीवरचा धागा आणि कॉलेजातली मशीन

पावसाळा लागला की आरमोरी, कुरखेडा, नागभीड, सिंदेवाही, सावली या पट्ट्यातल्या ढिवर बांधवांची दोन कामे एकदमच सुरू होतात. एक धानाचे रोवणे आणि दुसरे कोसा. रोवणे सगळ्यांना दिसते. त्याचे आकडे वर्तमानपत्रात येतात, तलाठी पीकपेरा लिहितो. कोसा जंगलात असतो, म्हणून तो कोणाला दिसत नाही. येनाच्या नाहीतर अर्जुनाच्या झाडावर अळ्या सोडायच्या, एका झाडाचा पाला संपला की फांदीसकट दुसऱ्या झाडावर न्यायच्या आणि महिना-दीड महिना राखण करत तिथेच झोपडीत राहायचे. वरून पक्षी, खालून मुंग्या, मधूनच गांधीलमाशी आणि अळीचा रस शोषणारा ढेकूण. कित्येक गावांत कोसा असेपर्यंत माणूस सोवळे पाळतो. मांसमच्छी नाही, घरी जाणे नाही, स्वतःच्या हाताने रांधून खायचे. शहरातल्या माणसाला ही अंधश्रद्धा वाटते. पण अळीला रोग लागू नये म्हणून बाहेरचा संपर्क तोडायची याहून स्वस्त पद्धत मला तरी माहीत नाही.

हे आज लिहायचे कारण असे की, गेल्या काही वर्षांत आपल्या दोन्ही जिल्ह्यांत उद्योग आणि तंत्रशिक्षण यांच्या सोयरिकीच्या बातम्या वरचेवर येऊ लागल्या आहेत. अमुक कंपनी आणि तमुक संस्था यांच्यात सामंजस्य करार. मागे फलक, पुढे पुष्पगुच्छ, मधे पाहुणे. खाणीला, पोलादाला, सिमेंटला लागणारी माणसे इथेच तयार करायची आणि त्यासाठी उद्योगाने पैसा घालायचा. यात वाईट काही नाही. आपली पोरे फाटकावर दंडुका घेऊन उभी राहण्यापेक्षा यंत्रावर बसलेली केव्हाही बरी. पण या सगळ्या करारांत कापडाचा करार मला कुठे दिसला नाही. ज्या मुलखात रेशीम झाडावर तयार होते, त्या मुलखातल्या तंत्रशिक्षणात रेशमाला जागा का नाही, हा प्रश्न कोणीतरी विचारला पाहिजे. चंद्रपूरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1996 साली सुरू झाले. तिथे स्थापत्य आहे, यंत्र आहे, विद्युत आहे; वस्त्र शाखा नाही. गडचिरोलीला 2011 साली गोंडवाना विद्यापीठ झाले. वनाधारित विद्यापीठ म्हणून आपण सगळ्यांनीच त्याचे स्वागत केले होते.

आता कोणी म्हणेल, कापडाचे शिक्षण मुंबई-इचलकरंजीला, त्याचे इथे काय काम? म्हणून थोडा इतिहास.

उद्योगाच्या आधाराने कापडाचे शिक्षण ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही; आपल्याकडे तंत्रशिक्षणाची सुरुवातच जवळजवळ तिथून झाली. मुंबईत 1887 साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, आज जिला वीरमाता जिजाबाई संस्था म्हणतात. तिच्यामागे दिनशॉ पेटिट यांच्यासारख्या गिरणीमालकांचा हात होता. गिरण्यांना विलायतेहून मास्तर आणावे लागत, ते महाग पडत, म्हणून इथलेच मास्तर घडवायचे ठरले. 1933 साली मुंबई विद्यापीठाने रसायन तंत्रज्ञानाचा विभाग काढला तेव्हा त्यातल्या पहिल्या दोन विषयांत एक होता वस्त्ररसायन, म्हणजे रंगाई-धुलाईचे शास्त्र. 1947 साली अहमदाबादेत विक्रम साराभाई आणि कस्तुरभाई लालभाई यांच्या पुढाकाराने 'अटिरा' ही गिरण्यांची संशोधन संस्था उभी राहिली आणि 1954 साली मुंबईच्या गिरण्यांनी घाटकोपरला 'बिट्रा' काढली.

आपला विदर्भही मागे नव्हता. जमशेटजी टाटांची नागपूरची एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 रोजी सुरू झाली. चात्यांची 'रिंग' पद्धत विलायतेतल्या गिरण्यांनी मनापासून घेतलेली नव्हती, त्या काळात ती नागपूरला घेऊन पाहिली गेली. पुढे देशभर तीच चालली. हे संशोधनच झाले, फक्त त्याला कोणी संशोधन म्हटले नाही. नागपूरचीच लक्ष्मीनारायण तंत्रसंस्था 1942 सालची. ती कामठीच्या डी. लक्ष्मीनारायण या मँगनीजच्या खाणमालकाने मृत्युपत्रात ठेवलेल्या पैशातून झाली. खाणीच्या पैशातून कॉलेज ही गोष्ट आपल्या भागाला इतकी जुनी आहे.

पण या सगळ्यांत मला सर्वांत बोधप्रद वाटते ती माटुंग्याची कापूस प्रयोगशाळा. 1923 साली सरकारने कापसावर उपकर बसवणारा कायदा केला, गाठीमागे काही आणे. त्या पैशावर 1924 साली प्रयोगशाळा निघाली. उपकर भरायचे व्यापारी आणि गिरण्या, हे खरे. पण शेवटी तो निघाला कशातून? वऱ्हाडातल्या, वरोऱ्यातल्या, हिंगणघाटातल्या शेतकऱ्याच्याच कापसातून. आणि तिथे पहिला प्रश्न विचारला गेला तो असा: कोणत्या वाणाचे सूत गिरणीवर चांगले निघते? कोणत्या वाणात शेतकऱ्याच्या हाती चार पैसे जास्त राहतात, हा प्रश्न प्रयोगशाळेच्या दारावर फार उशिरा पोचला. मी त्या शास्त्रज्ञांना दोष देत नाही. त्यांनी काम मनापासून केले. पण पैसा ज्याच्या हातून येतो त्याची अडचण टेबलावर आधी येते. मुंबईच्या गिरण्यांना सुताचा नंबर हवा होता, मजबुती हवी होती, पक्का रंग हवा होता, वेग हवा होता. ते सगळे त्यांना मिळाले. हातमागवाल्याचा मालक कोण? कोणीच नाही. त्यामुळे त्याचा प्रश्न कोणाच्या टेबलावर गेला नाही.

कोशाचे तर त्याहून अवघड आहे. कोशाच्या मागे गिरणी नाही. पाळणारा ढिवर, धागा काढणारी त्याची बायको, विणणारा कोष्टी आणि मधला व्यापारी. इतकाच हा उद्योग. यातला कोणता माणूस कॉलेजशी करार करणार? म्हणून टसराचे संशोधन सगळे शासनाच्या अंगावर पडले. केंद्रीय रेशीम मंडळाची टसर संशोधन आणि प्रशिक्षण संस्था रांचीला आहे, 1964 पासून. धागा आणि यंत्रांचे काम पाहणारी संस्था बंगळूरला, 1983 पासून. मंडळाचे एक बीजगुणन केंद्र भंडाऱ्याला आहे. राज्याचे रेशीम संचालनालय 1997 साली नागपुरात झाले आणि आरमोरीलाही टसराचे काम चालते. या लोकांनी काही केले नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. रोगमुक्त अंडीपुंज, लहान अळ्यांसाठी जाळी, चार-चार फुटांवर अर्जुनाची लागवड, ही त्यांचीच कामे. पण देशातल्या टसरातला मोठा वाटा झारखंडचा आहे, आणि साहजिकच तिथला पाऊस, तिथली झाडे, तिथली 'डाबा' जात डोळ्यांपुढे ठेवून पुष्कळ काम झाले. आपल्या जंगलातली जात वेगळी. तिला शास्त्रज्ञ 'भंडारा' म्हणतात. तिच्या नावात आपल्या शेजारचा जिल्हा आहे, पण तिच्यावर काम करणारी प्रयोगशाळा आपल्या पोरांना सायकलने गाठता येत नाही.

आता मांडीवरच्या धाग्याकडे येतो.

कोश सोड्याच्या पाण्यात उकळायचा. तुतीचा कोश गरम पाण्यानेच सुटतो, टसराचा सुटत नाही. त्याचा डिंक चिवट, त्यात झाडाच्या पाल्यातला तुरटपणा उतरलेला. मग चार-सहा कोशांची टोके एकत्र धरायची आणि उघड्या मांडीवर तळहाताने वळत धागा काढायचा. दिवसभर पाय पसरून बसायचे. मांडीची सालटी निघतात, तिथे राख लावायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचे. हे काम बायकाच करतात. पुरुषासमोर, पाहुण्यासमोर करता येत नाही, म्हणून घराच्या मागच्या खोलीत नाहीतर सांदीत करतात. अंधारात. डोळे जातात ते वेगळेच. नागपूरच्या दुकानात जी करवतकाठी साडी काचेच्या कपाटात घडी करून ठेवलेली असते, तिच्या सुताची ही गोष्ट आहे. त्या साडीला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आनंदच आहे. करवतीच्या दातांसारखा काठ उठवायला मागावर तीन धोटे चालवावे लागतात आणि ती कला आपल्या कोष्ट्यांच्या हातात आहे. मानांकनाच्या कागदावर मात्र मांडी नाही.

बंगळूरच्या संस्थेने छत्तीसगडमधल्या चांपा येथील एका यंत्रनिर्मात्याच्या सोबतीने 'बुनियाद' नावाचे धागा काढायचे यंत्र तयार केले. केंद्र शासनाने 2019 मध्ये स्वतःच सांगितलेले आकडे असे: मांडीवर धागा काढणाऱ्या बाईला दिवसाला सव्वाशे रुपयांच्या आसपास मिळतात, यंत्रावर साडेतीनशे. यंत्राची किंमत कर आणि वाहतूक सोडून पंचवीस हजार. आणि मार्च 2020 अखेर देशातून मांडीवरचा धागा बंद करायचा, असे जाहीर झाले होते. मार्च 2020 मध्ये काय बंद झाले ते आपल्याला माहीतच आहे. त्यानंतर यंत्रे वाटली गेली, काही ठिकाणी ती चांगली चालताहेत. पण आमच्या भागात फिरताना मांडीवर धागा काढणारी बाई अजूनही भेटते.

का भेटते? एका प्रशिक्षणाला मी स्वतः जाऊन बसलो होतो. संस्थेचे नाव लिहीत नाही. त्यातली माणसे सज्जन होती. प्रशिक्षण दहा दिवसांचे, बायका पंचवीस, यंत्रे दोन. पहिला दिवस उद्घाटनाचा, शेवटचा दिवस प्रमाणपत्राचा. मधल्या दिवसांत प्रत्येकीच्या वाट्याला यंत्र किती आले याचा हिशेब वाचकांनीच करावा. त्यात वीज दुपारी गेली ती संध्याकाळी आली. आणि महिना कोणता, तर मार्च. निधी मार्चअखेर खर्ची पडला पाहिजे म्हणून प्रशिक्षण मार्चमध्ये! येनाला तेव्हा पान नसते. कोसा संपून कितीतरी दिवस झालेले, शिकायला कोश कुठून आणायचे? ते व्यापाऱ्याकडून विकत आणले, म्हणजे आमच्याच गावचे कोश आम्हालाच शिकण्यासाठी परत आले. एक म्हातारी यंत्राकडे बराच वेळ पाहत बसली होती. तिला विचारले, कसे वाटते? म्हणाली, "मशीन चांगली हाये जी. पन इचा पट्टा तुटला त मी कोनाले सांगू?"

तिच्या त्या प्रश्नात सगळे तंत्रशिक्षण आले. पट्टा तुटला तर कोणाला सांगायचे! नागपूरला फोन केला तर माणूस आठवड्याने येईल, बंगळूरला केला तर येणारच नाही. पण आरमोरी, गडचिरोली, ब्रह्मपुरी, मूल इथल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मोटार गुंडाळणारी, पट्टा बदलणारी, बेअरिंग बसवणारी पोरे दरवर्षी बाहेर पडतात. त्यांच्या अभ्यासात ऊसाचा चरक आहे, पाण्याचा पंप आहे. कोशाचे यंत्र का नसावे? गडचिरोलीच्या पोरीने अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून मांडीवरचा धागा आणि मशीनचा धागा जाडीला, ताणाला किती सारखा येतो हे मोजले तर तिला गुण कमी पडतील काय? आज होते काय की, विणकर ताण्यासाठी चीन-कोरियाकडचा टसर धागा वापरतो, कारण तो एकसारखा आणि लांब, मागावर तुटत नाही. आपला धागा बाण्यात जातो. म्हणजे 'विदर्भाचा कोसा' म्हणून विकलेल्या कापडातले उभे सूत पुष्कळदा समुद्रापलीकडचे असते. हा व्यापाऱ्याचा लबाडपणा आहे असे मी म्हणणार नाही. विणकराला दिवसाला मीटर मोजून पैसे मिळतात, तुटणारा धागा त्याला परवडत नाही. आपला धागा ताण्याला लायक कसा करायचा, ही निखळ तंत्राची अडचण आहे आणि ती सोडवणे कॉलेजचेच काम आहे.

बरे, प्रश्न फक्त धाग्याचेच नाहीत. आपल्या ढिवराला विचारा, तो पहिला प्रश्न वाघाचा सांगेल.

वडसा, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावली, मूल या जंगलांत अलीकडे वाघ किती वाढले हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. 'सीटी-1' या वाघाने वडसा, भंडारा आणि ब्रह्मपुरी भागांत मिळून 13 माणसे मारली, तेव्हा कुठे 13 ऑक्टोबर 2022 रोजी तो वडशाच्या जंगलात पकडला गेला. ऑक्टोबर म्हणजे दुसऱ्या कोशाची राखण. तेंदूपानाला बायका दहा-वीस जणी मिळून जातात, सकाळी जाऊन दुपारी परततात. कोशाची राखण करणारा माणूस मात्र महिनाभर, एकटा-दुकटा, रात्रीसुद्धा तिथेच असतो. मग राखण कमी दिवसांची कशी करायची? लहान अळ्या पहिले दहा-बारा दिवस गावाजवळच्या अर्जुनाच्या रोपवनात नायलॉनच्या जाळीखाली वाढवल्या तर पक्ष्यांपासून वाचतात आणि तेवढे दिवस माणूस गावातच राहतो. तंत्र माहितीतले आहे. पण आपल्या पावसात ती जाळी किती टिकते, कोणत्या जाडीची हवी, एका कुटुंबाला किती लागेल, ती इथेच विणता येईल का, हे कोणी मोजले? जाळी हे वस्त्रच आहे हो! वस्त्रसंशोधन म्हणजे साडीचे डिझाइन, असा जो समज आहे तो तेवढा डोक्यातून काढला पाहिजे.

दुसरा प्रश्न बियाण्याचा. पेब्रीन नावाचा रोग मादी फुलपाखरातून अंड्यात उतरतो. अंडी घालून झाली की ती मादी कुटून तिचा थेंबभर रस सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा, रोगाचे कण दिसले तर तिची अंडी फेकून द्यायची. ही युक्ती लुई पाश्चर यांनी फ्रान्समध्ये दीडशे वर्षांपूर्वी काढली, रेशीम बुडायला लागले तेव्हा. तिला लागतो एक बऱ्यापैकी सूक्ष्मदर्शक आणि एक शिकलेली नजर. शासनाचे अंडीपुंज पुरत नाहीत किंवा वेळेवर येत नाहीत, तेव्हा माणूस घरचे बियाणे वापरतो, आणि तपासणी नसल्याने कधी कधी पूर्ण झाड काळे पडते. आरमोरी, ब्रह्मपुरी, सिंदेवाही इथे विज्ञानाची महाविद्यालये आहेत, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळा आहेत. मुले तिथे बेडकाची चित्रे काढतात. अंड्यांच्या हंगामात आठ दिवस त्यांनी गावोगावच्या माद्या तपासल्या तर मुलांना शिक्षण आणि ढिवराला बियाणे. याला करोडोंचा करार लागत नाही. प्राचार्यांचे एक पत्र आणि जीपचे डिझेल लागते.

तिसरा प्रश्न छोटा वाटेल, पण पैशाचा आहे. टसराचा कोश नगावर विकला जातो. रेशीम किती निघेल ते मात्र कवचाच्या वजनावर ठरते. व्यापाऱ्याचा हात अनुभवी असतो, तो बोटाने दाबूनच चांगला कोश ओळखतो आणि सरसकट भाव लावतो. तुतीच्या कोशाला जालन्यात 2018 पासून बाजार मिळाला, तिथे तराजू आहे, लिलाव आहे. टसराची प्रतवारी करायला गावात ठेवता येईल असा साधा काटा आणि चार प्रतींचा तक्ता कॉलेजने करून दिला, तर ढिवराच्या हाती भाव सांगायला काहीतरी कागद येईल. हे संशोधन व्यापाऱ्याच्या पैशातून होईल असे मला वाटत नाही, आणि का होणार नाही हेही सांगायला नको.

रंगाईवर फार लिहीत नाही. पळस आहे, हिरडा आहे, लाख आहे. आणि वर्ध्याला मगनवाडीत ग्रामोद्योगांवर काम करणारी महात्मा गांधी संस्था आहे, जिथे खादी आणि वस्त्र असा स्वतंत्र विभाग आहे. चंद्रपूरहून वर्धा लांब नाही. सावलीला 1936 साली गांधी सेवा संघाचे अधिवेशन झाले, गांधीजी स्वतः आले होते. तेव्हा वर्ध्याहून सावलीला येणे जमले, आज सावलीहून वर्ध्याला जाणे जड का जावे?

मग पैसा कोणाचा? इथे मात्र सरपंच, सचिव आणि ग्रामसभांच्या अध्यक्षांनी कान देऊन ऐकावे.

2013 च्या कंपनी कायद्याने ठराविक आकाराच्या पुढच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करणे भाग आहे. त्या कामांच्या यादीत शिक्षण आहे, व्यवसाय कौशल्य आहे, पारंपरिक कला आणि हस्तव्यवसायही आहेत. दुसरे, 2015 साली खाणकायद्यात सुधारणा होऊन जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. जुन्या खाणपट्ट्यांवर स्वामित्वधनाच्या 30 टक्के आणि लिलावाने दिलेल्यांवर 10 टक्के एवढी जादा रक्कम त्यात जमा होते, आणि ती खाणबाधित भागातच खर्चायची. शिक्षण आणि कौशल्य विकास हे तिथले प्राधान्याचे विषय आहेत. कोळसा, लोखंड, चुनखडी आपल्याच जमिनीतून निघते. तेव्हा कोशासाठी प्रायोजक मिळत नाही असे म्हणून रडण्यात अर्थ नाही. बांबूसाठी चिचपल्लीला संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र झालेच ना? तिथे कोणी म्हटले नाही की बांबूला कुठे मालक आहे.

मात्र पैसा आला की अटी येतात, आणि अटी आपण आधी लिहिल्या नाहीत तर समोरचा लिहील. बल्लारपूरच्या कागद कारखान्याचे उदाहरण जुन्या लोकांना आठवत असेल. वर्षानुवर्षे या जंगलातला बांबू कारखान्याकडे सवलतीच्या दराने जात होता आणि बुरडाला टोपल्यांसाठी बांबू मिळत नव्हता. ते चित्र पालटायला मेंढा-लेखासारखे गाव लागले. 2009 साली त्याला सामूहिक वनहक्क मिळाला आणि एप्रिल 2011 मध्ये बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हातात आले.

तोच कायदा कोशालाही लागू आहे, हे किती ग्रामसभांना माहीत आहे कोण जाणे. 2006 च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाची जी व्याख्या आहे, तिच्यात बांबू, मध, लाख, तेंदू यांच्या रांगेत टसर आणि कोश हे शब्द स्पष्ट लिहिलेले आहेत. म्हणजे सामूहिक हक्काच्या जंगलात कोसा ही ग्रामसभेची मालमत्ता. अडचण ढिवरांची वेगळी आहे. ते अनुसूचित जमातीत मोडत नाहीत. त्यांना इतर पारंपरिक वननिवासी म्हणून तीन पिढ्यांचा, म्हणजे 13 डिसेंबर 2005 च्या आधीच्या 75 वर्षांचा वास दाखवावा लागतो. कागद कुठून आणणार? पण नियमात गॅझेटियर चालते, जुन्या सरकारी नोंदी चालतात, वडीलधाऱ्यांचे जबाब चालतात. जुन्या चांदा जिल्ह्याचे दप्तर कोणी कोशाच्या अंगाने चाळून पाहिले आहे काय? इतिहासाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला याहून चांगला विषय मिळणार नाही, आणि त्याला प्रयोजक म्हणून कुठलीही कंपनी लागणार नाही.

तेव्हा करार होणारच असतील तर ग्रामसभेने ठरावात चार गोष्टी घालून पाठवाव्या असे मला वाटते. प्रशिक्षण जुलै ते डिसेंबर या कोशाच्या हंगामात व्हावे आणि ते गावात व्हावे. दर दोन बायकांमागे एक यंत्र असावे, आणि ते प्रशिक्षण संपल्यावर गावातच राहावे. यंत्र देणाऱ्याने जवळच्या आयटीआयमध्ये सुटे भाग आणि एक शिकवलेला मुलगा ठेवावा. आणि संशोधनातून काही नवीन निघाले, जात असो की जाळी, तर त्याचा पहिला वापर ज्यांच्या झाडावर प्रयोग झाला त्यांनाच मोफत मिळावा. ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, त्यांनी हा ठराव 'विषयांतर' म्हणून बाजूला ठेवू नये. यावर कंपन्यांचे अधिकारी म्हणतील, एवढ्या अटी असतील तर आम्ही शाळेला बाक देऊन मोकळे होतो. होऊ द्यावे. बाकही लागतातच.

वनखात्यालाही एक विनंती आहे. येनाची फांदी कोशासाठी छाटली की ती 'अवैध तोड' धरायची पद्धत कुठे कुठे अजून आहे. वन विकास महामंडळाने 1974 नंतर या भागात मिश्र जंगल काढून सागवान लावले, त्यात येन किती गेला याचा हिशेब खात्याकडेच असेल. जे उरले आहे त्यावर छाटणी कशी करावी, कोणत्या महिन्यात, किती उंचीवर, हे रांचीच्या संस्थेने लिहून ठेवलेले आहे. ते मराठीत करून दोन पानांत बीटगार्ड आणि ढिवर दोघांच्याही हातात दिले, तर निम्मी भांडणे मिटतील.

पहिल्या कोशाची अंडी जुलैत लागतात. त्याच्या आधी, मे महिन्याच्या ग्रामसभेत हा विषय घ्यायचा असेल तर सूचना एप्रिलमध्येच फलकावर लागायला हवी. आणि त्या म्हातारीच्या पट्ट्याचे काय झाले ते विचारायला मी पुन्हा गेलो होतो. मशीन समाजमंदिरात आहे, प्लास्टिकने झाकलेली. किल्ली सचिवाकडे असते आणि सचिव तीन गावांना एकच आहे.